पालथा पिंजरा

दोघी बहिणींत ड्रीमा थोरली. डोंगराच्या पोटाशी वडिलांनी मागे ठेवलेलं घर, थोड्या मेंढ्या, ओढ्याकाठची बदकं आणि जूबल नावाचा म्हातारा शिकारी कुत्रा, हे सगळं तीच बघत होती. धाकटी ट्वायला दूर कोलंबस शहरात, एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला. डॅडी हिवाळ्यात गेले तेव्हा ती दफनाला आली, पण त्याआधीच्या लांबलेल्या आजारपणात फिरकली नव्हती. आता एप्रिलमध्ये रजा काढून आली खरी, पण जे बोलायला हवं होतं ते दोघींच्या तोंडून निघेना. रानकांदे घालून परतलेल्या बटाट्यांचं कौतुक व्हायचं आणि मग दोघी आपापल्या ताटात बघत बसायच्या. रविवारी ती परत निघणार होती.

गुरुवारी भर दुपारी बदकांचा एकच कालवा उठला. ड्रीमा मेंढ्यांकडे होती. ती धावत खाली आली तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एरवी रात्रीच हिंडणारा, मांजराहून थोराड असा एक रॅकून दिवसाउजेडी उघड्यावरून झोकांड्या खात आला होता. जूबल आत कण्हतोय म्हणून ट्वायलानं त्याच्या कुंपणाचं फाटक उघडलं आणि तो सरळ त्या रॅकूनवर जाऊन पडला. दोघं एकमेकांना धरून गडगडले. रॅकून निसटून ओढ्याच्या झाडीत शिरला आणि जूबल ओठ फाटलेला, मान रक्तानं भिजलेली, शेपूट हलवत परत आला.

दिवसा फिरणारा, तोल गेलेला रॅकून म्हणजे काय, हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं. आणि जूबलची रेबीजची लस डॅडींच्या दुखण्यात राहून गेली होती.

तिनं आरोग्य खात्याच्या कचेरीत फोन लावला. तिथला माणूस, रॉयस त्याचं नाव, आडपडदा न ठेवता बोलला. जनावर हाती लागलं तर त्याचा मेंदू तपासता येईल. निर्दोष निघालं तर कुत्र्याला धोका नाही. हाती लागलंच नाही तर ते पिसाळलेलंच होतं असं धरून चालायचं, आणि मग कुत्र्याला एक तर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं किंवा सहा महिने दुहेरी कुंपणात, माणसाचा हात लागणार नाही असं ठेवायचं. शेवटी तो म्हणाला, गोळी घालायची वेळ आलीच तर डोक्याला धक्का लावू नका.

संध्याकाळी ड्रीमानं लोखंडी जाळीचा पिंजरा काढला. पिंजरा लावायची तिची रीत ठरलेली होती. जागा सपाट हवी, आणि दोन सळया पिंजऱ्याच्या कोपऱ्यांतून आरपार जमिनीत ठोकायच्या, म्हणजे आतलं जनावर कितीही उसळलं तरी पिंजरा हलत नाही. पिंजरा उलटला की दाराचा अडसर आपल्याच वजनानं निसटतो, आणि रॅकूनच्या बोटांना तेवढं पुरतं.

पण त्याच संध्याकाळी दोघींचं वाजलं. फाटकावरून सुरू झालं आणि डॅडींवर गेलं.

"विचारायचं तरी होतंस," ड्रीमा म्हणाली. "पण तुला इथलं काही विचारावंसं वाटतच नाही. डॅडी तुझी वाट बघत दाराकडे तोंड करून निजायचे, ठाऊक आहे?"

"तुला कोणी सांगितलं होतं सगळं एकटीनं उचलायला?" ट्वायला म्हणाली.

ड्रीमा तशीच उठली. रागाच्या भरात तिनं पिंजरा बदकांच्या खुराड्यामागच्या उतारावरच ठेवला, आत मासळीचा डबा फोडून सरकवला, वर सिमेंटचा एक ठोकळा टाकला आणि आली निघून. सळया अवजारांच्या खोपटातच राहिल्या.

सकाळी गवतावर दहिवर पडलेलं. कॉफीचं भांडं चुलीवर ठेवताना तिचं खिडकीतून लक्ष गेलं. पिंजरा जागेवर नव्हता. खालून, ओढ्याच्या बाजूनं जाळी खडखडत होती.

पायात बूट अडकवून ती पळाली. पिंजरा उतारावरून गडगडत थेट ओढ्याच्या काठावर, पालथा पडला होता. रॅकून आत होता. अडसर लोंबत होता आणि दाराच्या फटीत दोन काळी, माणसासारखी बोटं शिरली होती. दार चार बोटं उघडलं. ड्रीमानं जवळजवळ उडीच घेतली आणि बुटाचा तळवा त्या दारावर दाबून धरला.

आता पाय काढायची सोय नव्हती. जनावर आतून अंग टाकत होतं आणि प्रत्येक धडकेला तिचा गुडघा वाकत होता. रॅकून माणूस दिसला की कोपऱ्यात दबतो, गुरगुरतो. हा तिच्याकडे बघतही नव्हता. डोळ्यांत चिपडं, हनुवटीवरून लाळेची तार लोंबलेली, आणि दातांनी जाळीच चावत होता. टेकवलेल्या दुसऱ्या पायाखालची माती ओली होती. ती हळूहळू सुटायला लागली होती.

"ट्वायला!" ती ओरडली. वर जूबल भुंकायला लागला, त्यामुळे आवाज पोचला की नाही कळेना. तिनं पुन्हा हाक मारली.

ट्वायला गाउनवरच, सपाता घालून आली. पिंजरा आणि त्यातलं जनावर तिला दिसलं. ती होती तिथंच उभी राहिली.

"खोपटात जा," ड्रीमा म्हणाली. होईल तितक्या शांतपणे. "तार, पक्कड, हातोडा, दोन सळया. आणि डॅडींचे हातमोजे. दाराशेजारी खिळ्याला आहेत."

ट्वायला गेली. ती यायला फार वेळ लागला असं नाही, पण ड्रीमाच्या मांडीला थरथर सुटली होती. मातीचं एक ढेकूळ सुटून पाण्यात पडलं आणि पिंजरा बोटभर खाली सरकला. तिला वाटलं, सोडून द्यावं. पाय काढावा आणि पळावं. मग वरून जूबलचा तो घोगरा, म्हातारा आवाज आला आणि तिनं दात आवळले.

ट्वायला हातभर सुतळी घेऊन परत आली होती.

"सुतळी तो कुरतडेल गं. तार. लोखंडाची तार."

"दिसली नाही मला."

"खिळ्यांच्या बरणीमागं बघ. आणि पळ."

दुसऱ्यांदा ती धावत गेली आणि सगळं छातीशी कवटाळून आली. ड्रीमानं सांगितलं तशी पिंजऱ्याशी गुडघे टेकून बसली. दार आणि चौकट दोन्हींतून तार ओवायची, घट्ट पीळ द्यायचा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. डॅडींचे हातमोजे तिच्या हातांत पोत्यासारखे झाले. तारेचं टोक दोनदा निसटलं. तिनं उजव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला.

"मोजा घाल."

"मोज्यात तार धरताच येत नाही मला."

"ट्वायला, घाल तो."

"तू दार धर," ट्वायला म्हणाली. ड्रीमानं तिचा तो ठाम आवाज किती वर्षांत ऐकला नव्हता.

रॅकून त्या उघड्या हाताकडे झेपावला. जाळी दणाणली. ट्वायला दचकून मागं झाली, तिनं श्वास घेतला आणि पुन्हा हात घातला. पकडीनं पीळ दिला. एक बाजू झाली. मग दुसरी. ड्रीमानं पाय हळूच उचलला. दार हललं नाही. मग तिनं दोन्ही सळया कोपऱ्यांतून घालून हातोड्यानं ठोकल्या, खाली दगड लागेपर्यंत. पिंजरा जमिनीला खिळला.

दोघी गवतावर बसल्या. ट्वायलानं हात गाउनच्या खिशात घातला होता.

"डॅडींना तसं बघायचं धाडस नव्हतं माझ्यात," ती ओढ्याकडे बघत म्हणाली.

"माझ्यात तरी कुठं होतं," ड्रीमा म्हणाली. "पण मी इथंच राहत होते."

रॉयस येऊन जनावराला इंजेक्शन देऊन घेऊन गेला. तारेचे पीळ बघून म्हणाला, हे सोडायलाच मला वेळ लागणार.

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. दोघी घेवड्याचं वरण आणि मक्याचा पाव घेऊन जेवायला बसल्या होत्या. ड्रीमा उभ्याउभ्या ऐकत होती. जनावर पिसाळलेलंच निघालं होतं. रॉयसनं विचारलं, घरात कोणाला चावा, ओरखडा, लाळ लागली का? ड्रीमा नाही म्हणाली आणि तिनं सहज टेबलाकडे पाहिलं. ट्वायलानं उजवा हात टेबलावर उपडा ठेवला होता. अंगठ्याच्या बेचक्यात केसाएवढी एक लाल रेघ होती.

"थांबा," ड्रीमा फोनवर म्हणाली.

"तारेची असेल," ट्वायला पुटपुटली.

"असेल?"

"नख असेल. मला खरंच माहीत नाही गं. उद्या जायचं होतं... वाटलं, तू म्हणशील, आली आणि घोळ घालून ठेवला."

ड्रीमा फोनकडे वळली. रॉयसला काय ते सांगितलं, पिकअपची किल्ली घेतली आणि ट्वायलाचा कोट तिच्या अंगावर टाकला. घाटाच्या त्या वळणांवर ती इतक्या वेगानं कधी गेली नव्हती. ट्वायला मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसली होती, जणू तो कोणा दुसऱ्याचा.

"तो सुटला असता तर?" तिनं मध्येच विचारलं.

ड्रीमा तेच घोकत होती. सुटला असता तर फोन आला नसता. रेघ आठवड्यात भरून आली असती, ट्वायला कोलंबसला गेली असती आणि ताप चढेपर्यंत कोणाला सुगावा लागला नसता. तोवर उपाय उरत नाही. खोपटात विसरलेल्या त्या सळया तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"वळण आहे," ती म्हणाली. "घट्ट धर."

इस्पितळात जखम साबणानं पुन्हापुन्हा धुतली, सुया टोचल्या आणि पुढच्या सुयांना यायला सांगितलं. ट्वायलानं कोलंबसच्या दवाखान्याला रजा वाढवल्याचं कळवलं आणि ती राहिली. जूबलचा निर्णय दोघींनी मिळून घेतला. झोपवायचं नाही. दोन आठवडे खपून त्यांनी त्याच्याभोवती दुसरं कुंपण घातलं, आणि मग ट्वायला गेली. जूबल रात्ररात्र रडायचा. लांब दांड्याच्या फावड्यानं त्याचं खाणं आत सरकवताना ड्रीमाला प्रत्येक वेळी वाटायचं, आज उठणार नाही, आज लाळ दिसेल. दर रविवारी ट्वायलाचा फोन यायचा आणि ती आधी कुत्र्याचं विचारायची.

सहा महिने भरले तेव्हा, ऑक्टोबरात, रॉयस आला, बाहेरूनच जूबलला खालीवर बघितलं आणि म्हणाला, उघडा. ट्वायला त्यासाठी आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. दोन्ही फाटकं उघडली तरी म्हातारा कितीतरी वेळ आतच उभा. मग बाहेर आला, दोघींना ओलांडून गेला, रॉयसच्या गाडीच्या चाकापाशी थांबला आणि त्यानं निवांत मागचा पाय वर केला.