फेसवाल्याची बायको

पेठेच्या कोपऱ्यावर भांड्यांचं मोठं दुकान होतं, आणि तिथे एका माणसाला रोज सकाळी परक्या बायकांच्या डोक्यावर अंड्याचा फेस उलटा धरायचा पगार मिळायचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, तिच्यासमोर तारांच्या व्हिस्कने अंड्याचं पांढरं फेटायचं आणि फेस ताठ उभा राहिला की भांडं तिच्या डोक्यावर सरळ पालथं करायचं. फेस हलायचा नाही. लोक टाळ्या वाजवायचे, व्हिस्क घ्यायचे, घरी जाऊन फेटायचे आणि खांदा चोळत बसायचे. सगळी पेठ त्याला फेसवाला म्हणायची. जीभ तर अशी, की चूल नसलेल्या एका भाडेकरूला त्याने म्हणे व्हिस्क विकला, आणि तो भाडेकरू दुसऱ्या दिवशी आणखी एक न्यायला आला.

फेस मात्र त्याचा नव्हता. तो त्याच्या बायकोचा होता.

फेसवाल्याचं मनगट जरा फेटलं की बोंब मारायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्याचा फेस एका बाईच्या ताज्या सेट केलेल्या केसांत गेला, आणि नोकरीही त्याच वाटेने निघाली होती. तो तोंड पाडून घरी आला तेव्हा बायकोच म्हणाली, "मी फेटून देते. तुम्ही नुसतं उलटं धरा."

तेव्हापासून ती उजाडायच्या आत उठायची. भांडं लिंबाच्या सालीने पुसून कोरडं करायची, पांढरं वेगळं काढायची, मनगट सैल सोडून फेटायला लागायची. आधी हळू, मग भरभर, मधेमधे चिमटी चिमटी साखर. त्या घरघरीने जागी झालेली शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "आलं का गं तुमचं विमान?" फेस असा व्हायचा की त्याच्यावर बसलेली माशी पाय घसरून खाली पडायची. भांड्याला घट्ट झाकण लावून फेसवाला ते दुकानात न्यायचा. टेबलावर लांब कापड असायचं, त्याच्याखाली हे भांडं. लोकांसमोर तो दुसऱ्या, अगदी तशाच भांड्यात थोडा वेळ खळखळाट करायचा, बोलता बोलता कापड झटकायचा, की भांडं बदललेलं.

घरात उरायचे बलक. सकाळी बलक, डब्यात बलक, रात्री पावावर बलक. तिच्या लेकीने शाळेत अंड्याचं चित्र काढलं ते आतून-बाहेरून पिवळंधमक. बाईंनी त्यावर फुली मारली तर पोर रडत घरी आली, "बाईंना अंडंच माहीत नाही!"

या सगळ्याचं तिला काही वाटत नव्हतं, कारण तिच्याकडे एक गोष्ट होती. ती रोज संध्याकाळी विचारायची, "माझं काही सांगता का हो लोकांना?"

"रोज!" फेसवाला मोजे काढत म्हणायचा. "तुझ्याशिवाय खेळच होत नाही माझा. लोक तुझ्याबद्दल ऐकायला थांबतात, कळलं?"

एवढ्यावर ती दुसऱ्या दिवशी फेटायची.

तिचा व्हिस्क म्हणजे लग्नाआधीपासूनचा. त्याच्या तारा एकेक करून गळत गेल्या, उरलेल्या तिने दोऱ्याने बांधल्या होत्या. नवऱ्याच्या हाताखालून रोज ढीगभर व्हिस्क जायचे, पण घरी एक यायचा नाही. "नमुने मोजून देतात गं. पुढच्या आठवड्यात आणतो." तो आठवडा कॅलेंडरवाल्यांनी अजून छापला नव्हता.

आणि एके दिवशी फेस उभा राहता राहता मूठच निखळून हातात आली. तिने मूठ कापडाने आवळून कसाबसा फेस पुरा केला, नवऱ्याला भांडं देऊन वाटेला लावलं, लेकीला शाळेत सोडलं आणि तशीच दुकानाकडे वळली. नवा व्हिस्क घ्यायचा, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला एकदा आपल्या कानांनी ऐकायचं होतं. भर दुकानात, चार लोकांत नवरा आपल्याबद्दल काय बोलतो ते.

दुकानात गर्दी होती. फेसवाल्याचं टेबल मधोमध, आणि बाजूला हाताची घडी घालून दुकानाचा मॅनेजर. ती मागच्या मांडणीपाशी थांबली आणि व्हिस्क बघू लागली. तिने एकेक उचलून तारा तळहातावर दाबून बघितल्या. जाड तारांचे बाजूला ठेवले. ते घट्ट पिठाला ठीक, पांढऱ्यात हवा भरायला तार बारीक लागते, भरपूर लागते आणि दाबली की वाकून परत यायला लागते. मुठीत तारा जिथे घुसतात तिथे फट आहे का ते नखाने चाचपलं. तिथे पाणी शिरलं की आतून घाण वास. शेवटी खालच्या फळीवर, धुळीत, एक मिळाला. हलका, गोल पोटाचा, मूठ तिच्या मुठीएवढी. तिने हवेतच दोन फेरे मारले. मनगट खूश झालं.

तेवढ्यात फेसवाल्याचा आवाज चढला.

"आता तुम्ही म्हणाल, तुला जमतं रे, आम्हाला कसं जमेल? तर माझ्या बायकोचं सांगतो!"

तिने व्हिस्क छातीशी धरला.

"माझी बायको! स्वभावाने गाय. पण हात? हात म्हणजे दोन लाकडी फळकुटं! तिने अंडं फोडलं की टरफल आत आणि अंडं बाहेर. लग्नानंतर तिने पहिला केक केला, तो अजून आमच्या दाराला अडसर म्हणून लावतो!"

लोक खदखदले.

"चहात साखर ढवळायला लावली तर अर्ध्यात दमते. म्हणते, अहो, बाकीचा कडूच प्या! एकदा हिने पांढरं फेटायला घेतलं. सकाळ गेली, दुपार गेली. संध्याकाळी बघतो तर ही झोपलेली, आणि भांड्यात अंडं उबून पिल्लू होऊन हिच्याकडे बघतंय!"

एक म्हातारे गृहस्थ हसता हसता मांडणीला टेकले. चमचे खळाळले.

"मग मी तिला हा दिला." त्याने जाड तारांचा, चकचकीत, हत्तीच्या सोंडेएवढा व्हिस्क वर केला. "आणि आता? आता तीसुद्धा फेटते! अहो, तिला जमतं तर कुणालाही जमेल! या, कोण बसतंय खुर्चीत?"

ती कशी पुढे गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. गर्दी बाजूला झाली. फेसवाल्याची नजर तिच्यावर पडली आणि त्याची पापणी एकदाच, माशी बसल्यासारखी, फडफडली. बस्स.

"या ताई, या! बसा."

ताई! तिने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्या हाताकडे बघत होता.

"अरेरे, ताई, हा काय उचललात? हा तर माझी बायकोसुद्धा घेणार नाही!"

पुन्हा हशा. मॅनेजरही हसला. फेसवाल्याने तिच्या हातातून तो हलका व्हिस्क अलगद काढून टेबलाखाली टाकला, खळखळाट केला, कापड झटकलं. तिने सकाळी पुसलेलं भांडं वर आलं.

"ताई, घाबरू नका. देवाचं नाव घ्या."

भांडं तिच्या डोक्यावर पालथं झालं. तिने मान वर केली. समोर तिचाच फेस, टोकं वळलेली, चकचकीत. पड, ती मनात म्हणाली. पड ना. याच्यासमोर, त्या मॅनेजरसमोर, माझ्या तोंडावर पड. केस धुवायला मला पाणी आहे घरी.

पण तिने फेटलेला फेस कधी पडला नव्हता. तो आज तरी कशाला पडेल?

टाळ्यांनी दुकान दणाणलं. "आणि पहिला व्हिस्क या ताईंचा!" असं म्हणत फेसवाल्याने तो सोंडेएवढा व्हिस्क तिच्या हातात दिला. सगळे तिच्याकडे बघत होते. मी ती आहे, एवढे तीन शब्द. पण त्या हसणाऱ्या तोंडांसमोर ते बोलायचे म्हणजे दाराचा अडसर आणि अंड्यातलं पिल्लू स्वतःच्या अंगावर घ्यायचं. तिने पाकीट उघडलं, पैसे दिले आणि नको असलेला व्हिस्क घेऊन घरी आली.

संध्याकाळी ती दाराकडे पाठ करून बसली होती. फेसवाला शीळ घालत आला.

"अगं, काय काम केलंस आज! मॅनेजर साहेब खूश! मला वाटलंच नव्हतं तुझ्यात एवढी नाटकं असतील म्हणून. मुद्दाम भिकार व्हिस्क उचलायचा, मग भारी घ्यायचा... तुझ्यामागे रांग लागली, रांग!"

"मी नाटक केलं नाही."

"तेच तर! अजिबात वाटलं नाही."

ती वळली. "लोकांना असलं सांगता होय माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल कुठे? बायकोबद्दल! लोकांना बायको म्हटलं की हसू येतं, त्याला मी काय करू?"

"एकदा खरं सांगून बघा. की फेस मी फेटते."

फेसवाला एवढा हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. "वेडी का काय! मग लोक तुलाच मागतील, व्हिस्क कोण घेईल?"

तो चांगलाच रंगात आला होता. "उद्यापासून रोज यायचं. दर वेळी डोक्याला वेगळा रुमाल बांध, म्हणजे ओळखू येणार नाहीस. आणि ऐक, बायकोचं सुरू झालं की पहिली तू हस. एक हसलं की बाकीचे हसतात. तो व्हिस्क कुठे ठेवलास? दे इकडे."

"तो कशाला?"

"अगं, उद्या पुन्हा तुलाच विकायचाय ना! आजचे पैसे तुझे परत मिळतील."

"आणि मी फेटू कशाने?"

"आहे की तुझा जुना. पुढच्या आठवड्यात आणतो म्हटलं ना."

तो जेवला, बलक अळणी झालेत म्हणाला आणि घोरायला लागला.

उजाडायच्या आत ती उठली. जुन्या व्हिस्कच्या मुठीला नवा दोरा गुंडाळला. भांडं घेतलं, पण लिंबाची साल मुद्दाम लावली नाही. अंडं फोडताना टरफलाची कड बलकाला लावली. टिकलीएवढा पिवळा ठिपका पांढऱ्यात उतरला. एवढा पुरे होता. एवढ्या ठिपक्याने फेस कधी उभा राहत नाही, आणि राहिला तरी पालथा टिकत नाही. आज खुर्चीत तीच बसणार होती. पडला तर तिच्यावरच पडणार होता आणि ते तिला चालणार होतं. तिच्याशिवाय खेळ होत नाही, हे दुकानात निदान एकदा तरी दिसलं असतं.

ती व्हिस्क उचलून त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिच्या हातानेच तुटलेलं टरफल घेतलं, ठिपक्याखाली सरकवलं आणि तो बेमालूम उचलून बाहेर काढला. तिने हाताला तसं सांगितलं नव्हतं. त्याला वाईट फेस करणं माहीतच नव्हतं, त्याला ती काय करणार? त्याच हाताने पांढरं दुसऱ्या भांड्यात ओतलं, पहिलं लिंबाच्या सालीने पुसून कोरडं केलं, पांढरं परत घेतलं आणि मनगट सैल सोडलं.

"आलं का गं विमान?" भिंतीपलीकडून हाक आली.

फेस उभा राहिला, कालच्यापेक्षा ताठ. तिने झाकण लावलं, बलकांची वाटी ओट्यावर सरकवली आणि आरशासमोर उभी राहून डोक्याला निळा रुमाल बांधला. मग हसून बघितलं. एकदा नीट जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं.