शंकरप्पांची मान मी हलवली

मी गव्हर्नर. राजभवनातला नव्हे, उद्यमनगरातला. तेव्हा उठून उभं राहायची गरज नाही. बसल्या जागी नीट ऐकून घेतलंत तरी पुरे. माझ्याबद्दल कोल्हापुरात वाटेल ते बोललं गेलं. कुणी म्हणालं झपाटलेलं यंत्र, कुणी म्हणालं गाडीला लागलेली उचकी. माझी बाजू मात्र एकानंही विचारली नाही. ती मी आज सांगणार आहे, आणि मधे कुणी बोललेलं मला चालणार नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. दोन लोखंडी गोळे, एक स्प्रिंग आणि एक दांडी, एवढाच माझा देह. ऑइल इंजिनावर बसायचं आणि त्याचा वेग एकसारखा ठेवायचा, हे माझं काम. इंजिन उधळायला लागलं की माझे गोळे फाकतात आणि दांडी तेल कमी करते. इंजिन दमलं की गोळे मिटतात आणि दांडी तेल वाढवते. यात कुठं लबाडी आहे का, सांगा.

पहिली काही वर्षं मी केरबाच्या गुऱ्हाळावर काढली. घाण्यात उसाची जाड मोळी शिरली की इंजिन कण्हायचं, मी तेल वाढवायचो. मोळी सरली की आवरतं घ्यायचो. काहिलीत रस आटायचा, ढेपा पडायच्या, आणि केरबा माझ्याकडं ढुंकूनही बघायचा नाही. ज्याचं काम नीट चाललंय त्याच्याकडं बघायचं नाही, ही माणसांची जुनी खोड आहे. पुढं एका हंगामात इंजिनाचा दांडा मोडला. केरबानं नवं इंजिन आणलं आणि जुनं निसार मिस्त्रीच्या शेडमध्ये टाकलं. त्याच्याबरोबर मीही गेलो.

तिथं चौऱ्याहत्तर साली माझ्या आयुष्यात शंकरप्पा आले.

शंकरप्पा शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, आणि पेठेत शब्दाला वजन. शब्दाला म्हणणंही चूकच, कारण सौद्याच्या वेळी ते बोलायचेच नाहीत. ढेप फोडून वास घ्यायचे, खडा जिभेवर ठेवायचे आणि मान हलवायचे. एकदा मान हलली की सौदा झाला. मग रात्रीत भाव कोसळो, गुळाला पाणी सुटो, शंकरप्पांनी माल उचललाच. त्यांच्या वडिलांची मान अशीच होती, आजोबांचीही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्यांच्याकडं एक काळी अँबॅसिडर होती. ती ते स्वतः चालवायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पण त्यांचा उजवा गुडघा धरला. ब्रेक अधूनमधून मारायला जमायचं. अ‍ॅक्सिलेटर दाबून धरला की कळ डोक्यात जायची. बायको रत्नव्वा म्हणाल्या, "किल्ली माझ्या चनबसूला द्या. तो चालवंल. आपण मागं बसू."

चनबसाप्पा म्हणजे रत्नव्वांचा धाकटा भाऊ. इचलकरंजीत त्याचे कापडाचे माग होते. या गाडीवर त्याचा पहिल्यापासून डोळा. "दाजी, मी रोज येतो की तुमास्नी फिरवायला," तो म्हणायचा. इचलकरंजीहून रोज येऊन दुसऱ्याला फिरवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. शंकरप्पांनीही पाहिला नव्हता. गाडी एकदा पंचगंगेच्या पलीकडं गेली की परत येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते निसारकडं आले.

निसारनं उभ्या आयुष्यात मोटार उघडली नव्हती. ऑइल इंजिनं मात्र शेकडो. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, थोड्या वेळानं बाहेर काढलं आणि म्हणाला, "सोपं हाय अण्णा. गव्हर्नर बसवतो. पाय लावायचं कामच न्हाय. गाडी आपलीआप एका चालीनं जाईल."

"निसार, ह्यो घाण्याचा गव्हर्नर न्हवं?"

"इंजिन त्ये इंजिन, अण्णा. त्याला काय कळतंय, ऊस गाळतोय का माणसं वढतोय?"

इथं माझी पहिली हरकत नोंदवून घ्या. त्याला कळत नसेल, मला कळतं. पण मला विचारलं कुणी? निसारनं मला इंजिनाच्या बाजूला बोल्ट मारून कसलं, पट्टा चढवला आणि माझी दांडी कार्ब्युरेटरला जोडली.

चाचणी कळंब्याच्या रस्त्यावर झाली. गुडघ्यापायी शंकरप्पांनी चाचणीपुरतं चाक दोस्त हंबीररावांकडं दिलं होतं. एके काळचे पैलवान. सीटवर बसले की गाडी त्यांच्या बाजूला वाकायची. तलावाच्या अलीकडं रस्त्यात एक म्हैस बसली होती. हंबीररावांनी ब्रेक दाबला.

आता माझी अवस्था बघा. मला एवढंच कळलं की इंजिन दमलंय. म्हणजे घाण्यात जाड मोळी गेली. मी इमानानं पेट्रोल वाढवलं. हंबीररावांनी ब्रेक आणखी दाबला. मोळी फारच जाड आहे असं समजून मी आणखी वाढवलं. तिकडून पैलवान, इकडून मी, मधे गाडी गुरगुरत पुढं सरकतेय. शेवटी म्हशीलाच दया आली आणि ती उठून गेली.

"शंकरप्पा, लेका," हंबीरराव घाम पुसत म्हणाले, "तुझी गाडी माझ्यासंगं कुस्ती धरतीया की. आणि पाठ लावू दीना."

निसारनं मग सायकलच्या ब्रेकची मूठ स्टिअरिंगजवळ बसवली. ती ओढली की मी गप्प. तोंड दाबायची सोय झाली, पण माझी चाल सुधारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कारण खरा घोटाळा चालीचा होता. घाण्यात मोळी हळूहळू आत जाते, मला सावरायला सवड मिळते. रस्त्यावरचा चढ एकदम अंगावर येतो. मी पेट्रोल वाढवेपर्यंत चढ संपलेला. कमी करेपर्यंत पुढचा चढ हजर. सपाटीवरही तेच. थोडं जास्त झालं म्हणून कमी करायचं, ते फार कमी झालं म्हणून जास्त करायचं. त्यामुळं गाडी पुढं झेप घ्यायची, मग मरगळायची, परत झेप, परत मरगळ. आतल्या माणसांच्या मानाही तालात पुढं-मागं, पुढं-मागं. रस्त्याकडेच्या लोकांना वाटायचं, ही मंडळी आपल्याला रामराम घालतायत. तेही उलट मान हलवायचे.

शंकरप्पांना मात्र मी देवासारखा वाटलो. पाय मोकळा, गुडघा गप्प. मान काय, ती हलली तर हलली.

रत्नव्वांनी अट घातली. मलकापुरात त्यांच्या आत्येबहिणीची, बसम्मांची, वास्तुशांत होती. "अ‍ॅक्सिलेटरला पाय न लावता मलकापूर गाठून दाखवा. दाखवलं तर किल्ली तुमच्याकडं. न्हाई जमलं तर चनबसूकडं." चनबसाप्पा साक्षीला पुढच्या सीटवर बसला.

निघालो. आंबेवाडी, केर्ली मागं पडली. वाघबिळाच्या चढाला मी जीव तोडून राबलो आणि उताराला स्वतःला आवरलं. बांबवड्यापर्यंत शंकरप्पांचा पाय एकदाही पुढं झाला नाही. मागं रत्नव्वा पदरानं तोंड दाबून बसल्या होत्या. त्यांना मळमळत होतं. चनबसाप्पाला दिसलं की डाव हातचा जातोय. तेवढ्यात त्याची नजर दाजींच्या मानेवर गेली. थोडा वेळ तो नुसता बघत राहिला. मग गोड आवाजात म्हणाला,

"दाजी, गुडघ्याचा लई तरास हाय न्हवं?"

मान हलली.

"मग किल्ली मला द्यायचं ठरलं म्हणायचं?"

मान हलली. एकदा नव्हे, लागोपाठ.

"अक्का, बघितलंस न्हवं?"

मागं अक्कांचीही मान हलत होती.

शंकरप्पा "अरे, अरे" म्हणत होते, पण झटक्यात शब्द तुटायचे आणि मान तेवढी हलत राहायची. मी थांबू शकलो असतो का? मूठ ओढल्याशिवाय मला थांबता येत नाही, आणि ते दोन्ही हातांनी चाक धरून होते. माझ्या जन्मात मी एवढा कधी शरमलो नाही.

मलकापुरात वास्तुशांतीच्या पंगतीत चनबसाप्पानं जाहीर केलं, "दाजींनी किल्ली मला दिली. मान हलवून दिली."

शंकरप्पा चिडले. "मान मी न्हाय हलवली. गव्हर्नरनं हलवली."

पंगतीत हसू फुटलं. बसम्मांचे सासरे, पेठेत ऊठबस असलेले म्हातारे, हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "शंकरप्पा, तुमच्या घराण्याची मान म्हंजे सौदा. आज त्यातनं तुमीच फिरायला लागलासा, तर पेठेत कुणाच्या मानंवर भरवसा ठेवायचा?"

अट शंकरप्पांनी पुरी केली होती, पाय लावला नव्हता. पण आता तीन पिढ्यांची मान पणाला लागली होती. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि मेहुण्याच्या हातावर ठेवली. पुरणपोळी पानात तशीच राहिली. आणि त्या पंगतीत एकाही शहाण्याला वाटलं नाही, की बाहेर जाऊन बॉनेट उघडावं आणि मला विचारावं.

किल्ली हातात येताच चनबसाप्पाची भाषा पालटली. "उद्या सकाळीच गाडी इचलकरंजीला नेतो," तो लोकांना सांगत होता. "तिकडं चार माणसांत उठून दिसंल."

हे रत्नव्वांनी ऐकलं. "आणि आमाला फिरवणार हुतास त्याचं काय?"

"बघू की अक्का. सणासुदीला येतोच की."

परतीला चनबसाप्पा चाकाशी बसला तेव्हा रत्नव्वा म्हणाल्या, "चनबसू, अट तीच हां. तुझ्या दाजींनी पाय लावला न्हाई. तूबी लावायचा न्हाईस."

"त्यात काय अवघड हाय?" म्हणत त्यानं उजवा पाय उचलून सीटवर मांडी घातली. त्याला बघून मी ठरवलं, आज एकसारखं चालायचंच नाही. ठरवलं नसतं तरी तेच झालं असतं म्हणा.

केर्ली मागं टाकून सपाट रस्ता लागला आणि रत्नव्वा मागून सुरू झाल्या. आता त्यांना मळमळत नव्हतं.

"चनबसू, दर सोमवारी मला देवळात सोडशील न्हवं?"

चनबसाप्पाची मान हलली.

"मिरच्या कांडपाला, दळण गिरणीला, समदं नेशील?"

हलली.

"दाजींस्नी रोज सकाळी पेठेत, सांजंला घरी?"

हलली. त्यानं मान ताठ धरायचा प्रयत्न केला. मी आयुष्यातली सगळ्यात मोठी झेप घेतली आणि लगेच मरगळलो. हनुवटी छातीला लागली.

"आणि माग बंद करून कोल्हापुरातच ऱ्हाशील?"

"अक्का, ह्ये... ह्ये..." मान हलतच होती.

"अवो, बघितलंसा न्हवं?" रत्नव्वांनी नवऱ्याला विचारलं. मागं शंकरप्पांचीही मान हलत होती. दिवसभरात पहिल्यांदा ते हसत होते.

पंचगंगेच्या पुलावर उसाच्या गाड्या अडकल्या होत्या. चनबसाप्पानं मूठ ओढली, ब्रेक मारला, इंजिन बंद केलं. मग त्यानं किल्ली काढली आणि मागं न बघता हात मागं केला.

"घे अक्का. मान आमच्या घराण्यात कधीच नीट नव्हती. मी उद्या यष्टीनंच जातो इचलकरंजीला."

रत्नव्वांनी किल्ली घेतली. शंकरप्पांनी हात पुढं केला. पण त्यांनी ती नवऱ्याच्या हातावर ठेवली नाही, आपल्या मुठीत धरली.

"अवो," त्या हळू म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्याला ह्ये यंत्र न्हाई झेपायचं. आणि मलाबी न्हाई. गाडी मी शिकू का?"

शंकरप्पांनी बायकोकडं बघितलं. ढेप फोडून वास घेताना बघतात तसं, बराच वेळ. मग मान हलवली.

ही मान मी हलवली नव्हती. माझे गोळे मिटलेले होते, पट्टा स्वस्थ होता. मी साक्षीला आहे.

पुढच्याच आठवड्यात निसारनं मला उतरवलं. रत्नव्वा हंबीररावांकडून गाडी शिकल्या. नऊवारी सावरून त्या पेठेत गाडी लावायच्या तेव्हा सौदा थांबायचा. मला निसारनं एका जुन्या इंजिनावर चढवलं आणि ते इंजिन फिरून केरबाकडंच गेलं. आता मी परत घाण्यावर आहे. मोळी शिरते, मी तेल वाढवतो. मोळी सरते, मी आवरतं घेतो. वेग एकसारखा. केरबा माझ्याकडं बघत नाही.

माझं मागणं फार नाही. मला झपाटलेला म्हणू नका. जिथला आहे तिथं ठेवा, मी कधी चुकत नाही. आणि सभेत, पंगतीत, गाडीत कुणी तुमच्या बोलण्याला सारखी मान हलवत असेल तर लगेच खूश होऊ नका. आधी इंजिन बंद करा आणि मग पुन्हा एकदा विचारा.