कल्याणीच्या उंचीचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं इस्त्रीचं टेबल आहे. पाय करकरतात, कापड दोन ठिकाणी करपलंय, पण ऐट अजून शाबूत आहे. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या कार्डिफ शहरात, जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमधून द्रौपदीताईंनी मला घरी आणलं. त्यांचे यजमान सुखदेव हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. फ्लॅट एवढासा, अभ्यासाला जागा कुठली? लेक कल्याणी माझ्यावरच वह्या पसरून उभ्याने अभ्यास करायची. पोर वाढली की ताई मला एक खाच वर चढवायच्या. आधी अभ्यास, मग इस्त्री, हा घरचा कायदा.

२००६च्या सप्टेंबरात कल्याणी शाळेतून आली ती मान खाली घालूनच. "आई, केमिस्ट्रीची प्रेडिक्टेड ग्रेड बी आली. मेडिसिनला ए पाहिजे."

प्रेडिक्टेड ग्रेड म्हणजे परीक्षेआधी केमिस्ट्रीच्या मॅडमनी बांधलेला अंदाज; कॉलेजचा अर्ज त्यावरच जातो. सुखदेवांना तो निकालच वाटला. नागपुरात त्यांच्या वस्तीतून कॉलेजात गेलेले ते पहिले, तेही एका मास्तरांनी हात धरला म्हणून. शिक्षकांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता.

"मॅडमनी सांगितलंय ना बाळा? मग दुसरं काही बघू," ते हळूच म्हणाले.

ताईंनी इस्त्री बंद केली. "अहो, पेपर जूनमध्ये आहे. उद्या जाऊन विचारा तरी. तुमच्या मास्तरांना राग आला असता का?"

दुसऱ्या दिवशी माझ्यावर कडक झालेला शर्ट घालून सुखदेव शाळेत गेले. मॅडम भल्या निघाल्या. म्हणाल्या, पुन्हा टेस्ट घेते, ए मिळाला तर ग्रेड बदलते.

मग दोन आठवडे माझ्यावर इस्त्री फिरलीच नाही. सुखदेव चुरगळलेल्या शर्टात कामावर जायचे, आणि तेही काय ताठ मानेने! मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं.

टेस्टमध्ये ए आला, अर्ज वेळेत गेला. पुढच्या उन्हाळ्यात खरा निकालही तसाच लागला आणि कल्याणी डॉक्टर व्हायला लीड्सला गेली.

आता माझ्यावर नुसते कपडे. मित्रांनो, तुमच्या घरच्या टेबलाच्या सांध्यांना अधूनमधून तेल घालत जा, खाचा गंजू देऊ नका. पोरं वाढत असतात.

द्रौपदीताई ठेंगण्या, इस्त्री करताना टाचा उंचावतात. परवा सुखदेव मला एक खाच खाली घ्यायला वाकले.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "तिच्या उंचीचं आहे ते."