जुलैत भरलेली काडतुसं

डेलमार त्वाइट एकदा म्हणाला की म्हणाला. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी काही फरक पडायचा नाही.

"जास्त भडकणाऱ्या मॅग्नम टिकल्या दिखाऊ लोकांसाठी असतात," गॅरेजमधल्या कामाच्या बाकावर स्वतः भरलेलं एकेक काडतूस पुसत तो म्हणाला. "मी जन्मभर साधीच टिकली बसवली. एकदा दगा दिला असेल तर सांग."

"जन्मभर तुमची काडतुसातली दारू वेगळी होती, पॉप," सून कार्ला म्हणाली. काडतुसं तीही भरायची, पण आपल्या घरी. सासऱ्याच्या बाकाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. "ती मिळेना म्हणून तुम्ही ही गोल दाण्यांची आणलीत. ही आळशी आहे, थंडीत लवकर पेटत नाही. बुडाला ठिणगी पाडणारी टिकली मॅग्नम लावा, दारू कमी करून पुन्हा पहिल्यापासून नेम तपासा."

"तपासलाय. भोकावर भोक पडतंय."

"कधी तपासलात?"

"जुलैत."

"बाह्या सरसावून, लिंबू सरबत पीत!"

"बाई गं, मूस मला मारायचाय की तुला?"

मारायचा त्यालाच होता. मूसच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीच्या परवान्याची मोंटानात सोडत निघते. केस काळे होते तेव्हापासून तो अर्ज भरत होता, आणि यंदा, अठ्ठ्याहत्तरी गाठल्यावर, त्याचं नाव निघालं. पुन्हा निघेपर्यंत तो थोडाच जगणार होता!

नोव्हेंबरअखेर, हंगामाच्या शेवटच्या सकाळी, मूस झुडपांतून बाहेर आला आणि ओढ्याकाठी आडवा उभा राहिला. आंधळ्यानंही मारावा असा. थंडी अशी की मिशीतला श्वास गोठत होता. डेलमारनं काठीवर रायफल टेकवली, श्वास सोडला, चाप ओढला.

टिक्.

एवढंच. मूसनं कान टवकारले. डेलमारचा हात काडतूस बाहेर काढायला बोल्टच्या खिटीकडे गेला.

"हात काढा!" शेजारी बसलेली कार्ला ओरडलीच. "उघडू नका, नळी समोरच ठेवा!"

बार उशिरानंही उडू शकतो, हा नियम ती नवी सून असताना त्यानंच तिला शिकवला होता. हात थबकला, पण खांदा ढळला, आणि तेवढ्यात धाड्‌कन बार उडाला. गोळी बर्फात, मूस झुडपांत.

बोल्ट उघडला असता तर सगळं तोंडावरच फुटलं असतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"माझी रायफल घ्या," थोड्या वेळानं ती म्हणाली. त्यानं निमूट घेतली. अंधारेपर्यंत दोघं बर्फात बसून राहिली. मूस काय पुन्हा यायला बसलाय होय!

"टिकलीला बोल लावू नकोस," रायफल परत देत तो म्हणाला. "मूस माझ्या हेक्यापायी गेला. फार वाईट वाटतंय गं."

तिनं थर्मासातली उरलेली कॉफी त्याच्या पेल्यात ओतली.

घरी आल्यावर त्यानं जुलैची सगळी काडतुसं बाकावर ओतली, आपली खुर्ची मागे ओढली आणि तिला म्हणाला, "बस इथं. ही सगळी उकलून दारू काढायचीय. आणि पुढच्या सोडतीत तुझं नाव घाल."

"आणि तुम्ही?"

"मी येईन की. कॉफी उचलायला."