नुसता हात लावायला

बेकारी भत्त्याच्या कचेरीत दर पंधरा दिवसांनी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात कामाचा प्रश्न एकच: या पंधरवड्यात काम केले का? आतापर्यंत चार वेळा मी 'नाही'वर खूण केली होती. या वेळी 'हो'वर केली, तीही चांगली ठसठशीत.

खिडकीतल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, म्हणजे मला मुलगी असती तर. त्यांनी फॉर्मवरून मान वर केली. "मावशी, नोकरी लागली? अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"नोकरी कुठली! पावाच्या कारखान्यात गेले होते. मंगळवारी, दोन तास."

तोच कारखाना. सव्वीस वर्षं मी तिथे पीठ मळायच्या यंत्रापाशी उभी होते. पोत्यागणिक पिठाची तहान वेगळी. मी हात घालून सांगायची, पाणी वाढवा, पाणी आवरा. सगळे मला पीठमावशी म्हणायचे. मग ओल मोजणारं यंत्र आलं आणि साहेबांनी मला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. जिला कुठेच जायचं नाही तिला घड्याळ! गरज सरो, वैद्य मरो.

मंगळवारी सकाळी सुपरवायझरचा फोन आला. नव्या गिरणीचं पीठ आलं होतं, पाव फुगेनात, आणि यंत्र म्हणत होतं सगळं ठीक आहे. मी धावतच गेले. खोटं कशाला सांगू, नऊ दिवसांत माझ्याशी कोणी चकार शब्द बोललं नव्हतं. पिठात हात घातला आणि म्हटलं, अर्धी बादली पाणी कमी. पुढचा घाणा टम्म फुगून आला तेव्हा सगळे हसले, कोणीतरी माझ्यापुढे चहा ठेवला. घरी आल्यावर कितीतरी वेळ मी हात धुतले नाहीत.

"पैसे दिले त्यांनी?" बाईंनी विचारलं.

"दोन पाव दिले. गरम होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हात दाखवून अवलक्षण कशाला? 'हो' लिहिलंत की भत्ता बंद. पुन्हा पहिल्यापासून अर्ज, तीन महिने काही मिळणार नाही. घरभाडं कुठून भराल?" त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. "पैसे नाहीत म्हणजे काम नाही. 'नाही' लिहा."

"काम नाही, तर मग काय होतं ते?"

मागे रांग चुळबुळायला लागली होती. बाईंना माझं वाईट वाटलं असावं. हळू आवाजात म्हणाल्या, "खाली जागा आहे. ओळखीच्यांना भेटायला गेले होते, असं लिहा."

मला घरमालकिणीचा चेहरा आठवला. मी 'नाही'वर खूण केली, खाली ते वाक्य लिहिलं आणि सही केली. त्या नऊ दिवसांत वाटलं नव्हतं इतकं एकटं मला ती सही करताना वाटलं.

बाहेर पायऱ्या उतरतेय तोच फोन वाजला. सुपरवायझर. "मावशी, पीठ परत बिघडलंय. या ना जरा."

"मी भत्त्यावर आहे. मला काम करता येत नाही," मी म्हटलं. म्हणताना मनात वेडी आशा होतीच, की तो म्हणेल, मग परत कामावरच या.

"काम कुठलं, मावशी! नुसता हात तर लावायचाय."

त्याला चांगला झापणार होते, पण ते काम नव्हे, हेच तर मी आत्ता लिहून दिलं होतं, सहीनिशी.