वाऱ्याने खाल्लेला ‘नि’

“एक ‘नि’ आणि एक रफार! एवढ्यासाठी सकाळी सातला बोलावलं, आणि बसायला साधं गोणपाटसुद्धा नाही.”

पाथरवट पुटपुटत होता. इतक्या जवळून, की त्याच्या चहाची वाफ माझ्या तोंडाला लागत होती.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. धक्क्यासमोरच्या चौकात उभा आहे. माझ्यावर या गावाचा जन्म कोरलेला आहे, आणि तो साफ खोटा आहे. दीडशे वर्षं गप्प बसलो, आता पुरे.

मी मुळात या चौकातला नव्हेच. उताराखालच्या वस्तीत एक विहीर होती, तिच्या काठावर मी आडवा बसवलेला होतो. खाऱ्या पाण्यापासून पन्नास पावलांवर गोडं पाणी लागलेलं, म्हणून सगळ्या वस्तीचा जीव त्या विहिरीत. दोर ओढून ओढून बायकांनी माझ्या कडेला बोटभर खोल खाचा पाडल्या. सासवांची गाऱ्हाणी, सुनांची खसखस, सगळं माझ्या अंगावर सांडलं. मला तेव्हा कोणी ऐतिहासिक म्हणत नव्हतं. ‘अगं, दगडावर ठेव ना हंडा,’ एवढाच माझा मान.

मग एक दिवस जहाज आलं. कप्तान उतरला, तहानेने त्याचे ओठ फुटले होते. वस्तीतल्या एका पाथरवटाच्या म्हाताऱ्या आईनं पोहरा ओढला आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो पोटभर प्यायला. पुढे त्यानं वखार बांधली, धक्का बांधला, आमची विहीर बुजवली आणि मला उपटून आणलं. खाचांची कड मातीत गाडली, म्हणजे प्रश्नच मिटला. सपाट बाजूवर कोरून घेतलं, वर त्याच्या लिपीत, खाली आपल्या: ‘निर्जन किनाऱ्यावर कप्तानसाहेबांनी हे गाव वसविले.’

निर्जन! अरे, मग तुला पाणी कोणी पाजलं? विहीर काय खेकड्यांनी खणली होती?

आणि कोरणारा कोण, तर त्याच म्हातारीचा मुलगा. नाही म्हटलं असतं तर वखारीचं काम गेलं असतं, घरात पाच तोंडं. पुढे त्याच्या घरात ‘बाहेरचा कारागीर आला होता’ असं सांगायचं ठरलं. खरं सगळ्या वस्तीला ठाऊक. पण कोणी तोंड उघडेल तर शपथ!

दरवर्षी बँड वाजायचा, माझं कौतुक व्हायचं. शाळेतली मुलं मला वहीत उतरवून घ्यायची. वस्तीतलीसुद्धा. आपण इथे नव्हतो, हे सुवाच्य अक्षरात लिहून ती दहापैकी दहा मिळवायची! नंतर साहेब लोक गेले. गावकऱ्यांनी मोठ्या जोशात वरची परकी अक्षरं घासून काढली. खालचं खोटं मात्र तसंच ठेवलं, कारण ते आपल्या अक्षरांत होतं.

मग मला सगळे विसरले. माझ्यावर सायकली टेकल्या, ओले टॉवेल वाळले. विसरला नाही तो फक्त खारा वारा. त्यानं आधी ‘नि’ खाल्ला, मागोमाग ‘ज’च्या डोक्यावरचा रफार. उरलं काय? ‘जन किनाऱ्यावर.’ एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना जमलं नाही, ते वाऱ्यानं करून दाखवलं.

आता दीडशेव्या वर्षाच्या उत्सवासाठी हीच दुरुस्ती मोडायची होती. उत्सवाच्या अध्यक्षांना गाव ‘पाटीसाहेब’ म्हणतं, कारण नळाला तोटी बसवली तरी ते शेजारी आपल्या नावाची पाटी ठोकतात. त्यांना वस्ती उठवून तिथे बाग करायची होती. वस्ती म्हणाली, आम्ही आधीपासून इथले. तेव्हा पाटीसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, “दगडावरच लिहिलंय की! इथे कोणी नव्हतं. तुम्ही मागून आलात, हमाली करायला.”

पण माझ्यावर तर आता तसं लिहिलेलंच नव्हतं. म्हणून हा पाथरवट. त्याच वस्तीतला, त्याच घरातला.

नऊच्या सुमारास त्याची थोरली बहीण डबा घेऊन आली. ‘नि’ची जागा अजून कोरीच आहे, हे तिनं पाहिलं.

“कोर की. आपल्याच घरावर नांगर फिरवायचाय, हात कशाला थांबलाय?”

“ताई, पोटाचा प्रश्न आहे गं.”

“त्यांचाही होता.”

“कोणाचा?” त्यानं विचारलं आणि लगेच मान फिरवली. तिनंही डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

मित्रांनो, मला रंग नको, हारतुरे तर नकोतच. माझ्यावरचं पाठ करण्याआधी मी कुठून आलो, एवढं तरी कोणाला विचारत जा. मला जपणं म्हणजे तेच.

दहा वाजता पाटीसाहेब चार माणसं आणि फोटोग्राफर घेऊन हजर झाले. “अहो, अजून ‘नि’सुद्धा नाही? तीन तास काय आंघोळ घालत होतात दगडाला?”

माणसं हसली. पाथरवटानं छिन्नी टेकवली, हातोडा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“साहेब, हे पहिल्यांदा माझ्या खापरपणजोबांनी कोरलं.”

“काहीतरीच! बाहेरचा कारागीर होता ना?”

“नव्हता. आमचेच होते. कप्तानाला पाणी पाजणारी त्यांची आई घरात जिवंत होती, आणि ते इथे बसून ‘निर्जन’ कोरत होते.” त्यानं माझ्यावरच्या ‘जन’वर बोट ठेवलं. “आम्ही होतो, साहेब. आणि आम्ही नव्हतो, हे आम्हीच कोरलं.”