सावल्यांच्या यादीत ताईचं नाव

मालकांच्या खोलीत सोळा माणसं श्वास रोखून एका पडद्याकडे बघत होती. आमचं वर्तमानपत्र कुणी इतक्या एकाग्रतेनं वाचलं असतं, तर खप दुप्पट झाला असता.

पडद्यावर निधनवार्तांचा फोल्डर होता. प्रत्येक मृताच्या फाइलीशेजारी एक फिकट जुळी फाइल. नाव तेच, फक्त आधी एक टिंब आणि एक आडवी रेघ. उघडली तर आत वाचण्यासारखं काही नाही.

"आत्मे!" केबलबाबा म्हणाला. "दोन जातींच्या यंत्रांची सोयरीक जमवलीत, पण मधल्या वायरीत कोण अडकलंय ते पाहिलंत?"

पानं लावणाऱ्या माझ्या ताईचा संगणक एका जातीचा, बाकीच्यांचे दुसऱ्या. फाइली इकडून तिकडे जाईनात म्हणून या केबलवाल्या बाबाला बोलावलेलं. आला वायर जोडायला, राहिला मोक्ष द्यायला.

आमच्याकडे पाठ करून तो पुटपुटला, माउस हलवला. सावल्या गायब! मालकांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी बाबा "जरा तपासतो" म्हणून बसला आणि सावल्या परत आल्या. या वेळी एक जास्तीची होती. तिच्यावर ताईचं नाव होतं, आणि शेजारी मूळ फाइलच नव्हती.

"देहाआधी सावली आली," बाबा म्हणाला. "तीन दिवस घरी बसायचं. अंगाला सुई लावायची नाही. टोचलेल्या जागेतूनच ते आत शिरतात."

ताई लहानपणापासून इन्सुलिनवर होती.

"ताई, हा माणूस काल माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागत होता," मी म्हणालो.

"तू हस रे. यादीत नाव माझं आहे ना?"

मी हसलो. सुई घेतलीस का, हे विचारायला मात्र मला तिसरा दिवस उजाडला. तोवर ती दवाखान्यात बेशुद्ध होती. संध्याकाळी गेली.

आठवड्यानं मी कामावर आलो, तेव्हा बाबा मालकांच्या खुर्चीत होता. "यादी खोटं बोलत नाही," तो सांगत होता. माना डोलत होत्या.

मी ताईच्या संगणकावर बसलो. 'केबलबाबा' नावाची फाइल त्याच फोल्डरात ठेवली. मग मालकांच्या संगणकावरून ती पुसली. पडद्यावर उरलं टिंब, रेघ आणि केबलबाबा.

"बाबा, आपली सावली आली. आता तीन दिवस औषध बंद. रोज चहाबरोबर घेता ती खिशातली रक्तदाबाची गोळी इकडे द्या."

"वेडा आहेस का? डॉक्टरनं दिलीय ती!" बाबा खिसा दाबून ओरडला.

डोलणाऱ्या माना बाबाच्या खिशाकडे वळल्या.

मग मी दाखवलं. ताईचा संगणक फाइल ठेवताना तिचा रंग, चिन्ह अशा खुणा दुसऱ्या छोट्या फाइलीत लिहितो. ती एरवी लपलेली असते. 'लपलेल्या फाइली दाखवा' या चौकोनात टिक केली की दिसते, काढली की मोक्ष. आमच्या संगणकावरून मूळ फाइल पुसली, तरी ती उरते. ताईचा रजेचा अर्ज, तिच्याच नावाची फाइल, चुकून त्या फोल्डरात पडला होता.

"पुसला कुणी?" उपसंपादकानं विचारलं.

"मी," मालक म्हणाले. "वाचून झाला म्हणून." ते खाली बसले.

ताईची निधनवार्ता मीच लावली, तिच्याच संगणकावर. शेजारी सावली उमटली. कुणी घाबरलं नाही.

मला ती टिक पहिल्याच दिवशी शोधता आली असती. पाच मिनिटांचं काम होतं. मी विनोद करत बसलो. तुम्ही बसू नका. चमत्कार दिसला की मागचा चौकोन उघडून बघा. आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला आधी त्याचा स्वतःचा खिसा उलटा करायला सांगा.